शिंगराला पहिला हात कधी लावावा, आणि कसा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घोडी दीड महिन्यात विणार आहे, ती पहिलारू आहे आणि तुम्हीही या कामात नवे आहात. जन्मल्याबरोबर पहिल्या तासात शिंगराच्या अंगभर हात फिरवला, कानात-तोंडात बोटं घातली, खुरांवर थापट्या मारल्या की ते जन्मभर गरीब राहतं, असं तुम्ही ऐकलंय. ते करावं का? म्होरकी कधी घालावी? आणि तुमच्या ओळखीतलं एक दोन महिन्यांचं शिंगरू पहिल्या दिवसापासून हातावर वाढवूनही आता चावतं, माणसाच्या अंगावर पुढचे पाय टाकतं, ते कशामुळे?

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. पहिले काही तास घोडीचे आणि दुधाचे. त्यात तुमचं काम तपासणीपुरतं. सगळ्या अंगाला एका बैठकीत सवय लावण्याचा तो प्रकार करू नका. हात लावायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडी सुरुवात करा, पण घोडीच्या आडून. शिंगरू जन्मापासून शिकत असतं हे खरं आहे, आणि त्यातच गोम आहे: तुमचा हात कुठे पडला यापेक्षा तो कधी उचलला गेला, यावरून ते शिकतं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं इथे येऊन मिळतात.

पहिल्या दिवसाचं आधी सांगते, कारण बहुतेक लोक शिकवण्याच्या उत्साहात तेच विसरतात. शिंगरू जन्मल्यापासून तासाभरात उभं राहावं, दोन तासांत प्यायला लागावं आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. यातलं काहीही लांबलं तर पशुवैद्याला फोन. वार ओढायची नाही. लोंबत असेल तर घोडीच्या पायात येऊ नये म्हणून तिची गुंडाळी करून वर बांधून ठेवायची, आणि पडल्यावर जमिनीवर पसरून ती पूर्ण आहे का ते बघायचं. एखादा तुकडा आत राहिला तर गर्भाशय सडतं आणि त्यातून घोडीचे खूर बसू शकतात, म्हणजे लॅमिनायटिस, खुराच्या आतल्या भागाची दुखरी सूज.

चिकाचं महत्त्व गाय-म्हैस पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही, पण घोडीच्या बाबतीत गणित फार कडक आहे. घोडीची वार रक्तातली प्रतिकारद्रव्यं पोटातल्या पिलाकडे जाऊ देत नाही. म्हणजे शिंगरू जवळजवळ रिकाम्या हातांनी जन्माला येतं आणि त्याची सगळी भिस्त चिकावर असते. ही द्रव्यं शोषून घेण्याची आतड्याची ताकद पहिल्या सहा-आठ तासांत सर्वांत जास्त असते आणि 24 तासांत जवळपास संपते. साधारण 18 ते 24 तासांच्या दरम्यान शिंगराचं रक्त तपासून घ्या. आयजीजी, म्हणजे चिकातून रक्तात उतरलेली हीच प्रतिकारद्रव्यं, डेसिलिटरला 800 मिलिग्रॅमच्या वर असेल तर निश्चिंत राहा. 400 च्या खाली असेल तर चिकाचा काही उपयोग झाला नाही असं समजायचं आणि पशुवैद्य बहुधा शिरेतून प्लाझ्मा देतील. मग शिंगराला जमिनीवर दाबून ठेवलेला तास कुठून वजा होतो, ते तुम्हीच बघा.

पहिल्या दिवशी हात लावायची कामं मोजकी आहेत. नाकावर पडदा असेल तर काढणं. श्वास नीट नसेल तर टॉवेलने खसाखसा पुसणं. नाळ आपोआप तुटू देणं, आणि मग ती अर्धा टक्का क्लोरहेक्झिडिनमध्ये बुडवणं. हे बुडवणं पहिले दोन-तीन दिवस चालू ठेवायचं. कडक आयोडीन नको, कातडी भाजते. पहिली काळी, चिकट लीद 24 तासांच्या आत पडायला हवी. शिंगरू शेपूट वर करून कुंथतंय आणि काही येत नाही, असं दिसलं तर एनिमा लागतो. ही कामं शांतपणे, पटकन आटपा आणि बाहेर या. दाराच्या फटीतून बघत बसा, त्याला कोण नको म्हणतंय.

आता त्या पहिल्या तासाच्या पद्धतीकडे वळते. कॅलिफोर्नियातले पशुवैद्य रॉबर्ट मिलर यांनी ती लोकप्रिय केली. 1991 साली त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं आणि जगभरच्या पागांमधून ती पसरली. नाव पडलं इम्प्रिंट ट्रेनिंग. हा शब्द आला कोनराड लॉरेन्झ यांच्या कामातून. अंड्यातून बाहेर पडलेली करड्या हंसाची पिल्लं जो पहिला हलता प्राणी बघतात त्याच्याच मागे जातात, हे त्यांनी 1930 च्या दशकात दाखवलं. पण घोड्यात हे असं होत नाही. शिंगरू आईला ओळखतं ते वासाने, आवाजाने, लुचण्याने, आणि ती ओळख पक्की व्हायला थोडा वेळ जातो. तो वेळ मधे माणूस घुसवून वापरला तर त्याला दुसरी आई मिळत नाही. फार तर पहिलीची ओळख व्हायला उशीर होतो.

मिलर यांचं एक म्हणणं मात्र बरोबर होतं. शिंगराला तीन-चार महिने मोकाट सोडायचं आणि मग एके दिवशी चार माणसांनी धरून आपटायचं, या जुन्या पद्धतीपेक्षा लवकर हात लावणं केव्हाही चांगलं. घोटाळा तपशिलात आहे. त्यांच्या पद्धतीत प्रत्येक जागी शिंगरू विरोध सोडेपर्यंत पुन्हा पुन्हा स्पर्श करायचा असतो, आणि धडपड चालू असताना थांबायचं नाही असं तेही बजावतात. पण ज्याने हे काम आधी कधी केलेलं नाही, तो नेमका धडपडीच्या वेळीच सोडतो. कान धरला, शिंगराने डोकं झटकलं, हात सुटला. तिसऱ्यांदा असं झालं की धडा पक्का: डोकं झटकलं की माणूस सोडतो. कानाला हात लावू न देणारे घोडे असेच तयार होतात, आणि पुढे त्यांचा मालक म्हणतो, आम्ही तर याला जन्मल्यापासून हात लावलाय.

यावर प्रयोगही झाले आहेत. अमेरिकेत टेक्सासमध्ये जन्माच्या वेळी असं शिक्षण दिलेल्या आणि न दिलेल्या शिंगरांची सहा महिन्यांच्या वयात तुलना केली; दोघांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. फ्रान्समध्ये रेन विद्यापीठातल्या गटाने 2009 साली जे प्रसिद्ध केलं ते जास्त काळजीचं आहे. जन्मल्यावर थोड्याच वेळात ज्या शिंगरांना तासभर धरून अंगभर चोळलं होतं, ती आईला जास्त चिकटून राहिली, कमी खेळली, आईपासून तोडताना जास्त बिथरली आणि वर्षाची झाल्यावरही बरोबरीच्या शिंगरांत नीट मिसळत नव्हती. प्रयोग लहान कळपावरचे असतात आणि प्रत्येक पागेत हेच होईल असं मी म्हणणार नाही. पण फायदा दिसत नाही आणि तोटा होऊ शकतो, अशा कामासाठी मी तरी चिकाचा वेळ घालवणार नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण तिथेच सगळे फसतात. नवजात शिंगराच्या छातीभोवती दोन्ही हातांचा घट्ट विळखा घातला, की क्षणभर धडपडून ते अंग टाकतं. मान लोंबते, डोळे मिटतात, पाय सैल पडतात. बघणारा म्हणतो, वा, किती लवकर ऐकलं! त्याने काहीच ऐकलेलं नसतं. ते झोपलेलं असतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक विभागात जॉन मॅडिगन आणि सहकाऱ्यांनी 2012 साली हे मोजून दाखवलं: दाब पडताच नाडी मंदावते, मेंदूत गाढ झोपेच्या लहरी दिसतात, आणि दाब काढला की शिंगरू जागं होऊन उभं राहतं. जन्मताना योनिमार्गातून जो दाब पडतो, त्याच्याशी याचा संबंध असावा असं ते मानतात. काही शिंगरं जन्मल्यावर भ्रमिष्टासारखी फिरतात, भिंत चाटतात, आईला ओळखत नाहीत. अशांच्या छातीभोवती दोराचे विळखे घालून 20 मिनिटं दाब देण्याचा उपचार त्यांनी यातूनच काढला. तो पशुवैद्यानेच करायचा, कारण जन्मताना बरगडी मोडली असेल तर त्याच दाबाने जीव जाऊ शकतो. पण तुमच्या प्रश्नापुरतं एवढं पुरे की पहिल्या दिवसांत लुळं पडलेलं शिंगरू शांत झालंय असं धरून पुढे कात्री-मशीन काढायची नाही. ते शुद्धीवर असताना, चारही पायांवर उभं असताना, तुम्हाला बघत असताना जे होतं तेवढंच शिक्षण.

मग सुरुवात कुठून? घोडीपासून. त्याच रेन विद्यापीठातल्या गटाचा 2005 चा एक प्रयोग मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. जन्मानंतरचे पहिले पाच दिवस एक माणूस रोज 15 मिनिटं फक्त घोडीला मऊ ब्रशने खरारा करत होता. शिंगराला त्याने हात लावला नाही. तरी ती शिंगरं पुढे माणसाच्या जवळ लवकर आली, हात लावू देऊ लागली, आणि हा फरक वर्षभरानंतरही दिसला. शिंगरू सगळा वेळ आईचे कान बघत असतं. माणूस आल्यावर आईने कान मागे टाकले की ते तिच्या पलीकडे जातं; आई मान खाली घालून डोळे अर्धे मिटून उभी राहिली की तेही हळूच पोटाखालून डोकं काढतं. म्हणून माणसाला बघून तोंड फिरवणाऱ्या घोडीपासून वेत घ्यायचं असेल तर आधी तिच्यावर मेहनत घ्या. तिचं शिंगरू जन्मतःच अर्धं बुजलेलं असतं आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही.

आत जाताना दोघं जा. एकाने घोडीचा दोर हातात धरायचा. तिला खुंट्याला बांधायचं नाही, कारण शिंगराकडे वळता आलं नाही की शांत घोडीसुद्धा पिसाळते. दुसऱ्याने शिंगराकडे जायचं, पण दोघांच्या मधे कधीही उभं राहायचं नाही. शिंगरू भिंतीकडे, घोडी त्याच्याजवळ, तुम्ही बाहेरच्या बाजूला आणि दार तुमच्या आवाक्यात. एरवी गरीब असलेली घोडी पहिल्या आठवड्यात लाथ मारू शकते, आणि तुमची तर पहिलारू आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खराऱ्याच्या वेळी घोडीच्या खांद्याजवळ नुसते उभे राहा, शिंगराकडे थोडी पाठ करून. त्याच्याकडे टक लावून बघू नका, हात पुढे करू नका. ते येईल. आधी कोपराचा वास घेईल, शर्टाला नाक लावेल, पळून आईच्या पलीकडे जाईल आणि परत येईल. पुन्हा आलं की हात खालून, सावकाश, छातीच्या पुढच्या बाजूला किंवा मान जिथे खांद्याला मिळते तिथे न्या आणि बोटांच्या टोकांनी खाजवा. डोक्यावर, कपाळावर हात नको. वरून येणाऱ्या वस्तूला ते बुजतं. थोपटूही नका. घोडे एकमेकांना थोपटत नाहीत, खाजवतात. आयाळ संपते तिथल्या उंचवट्याजवळ खाजवलं की घोड्याची नाडी खरोखर मंदावते. 1993 साली कॅमार्ग जातीच्या घोड्यांवर ते मोजलं गेलंय. ते एकमेकांना दातांनी खाजवतात तीही नेमकी हीच जागा.

बरोबर जागा सापडली की कळतं. वरचा ओठ लांब होतो, टोकदार होतो, थरथरतो. मान पुढे ताणली जाते आणि सगळं अंग तुमच्या बोटांवर रेलतं. मग पुढच्या काही क्षणांत ते मान वळवून तुम्हालाच खाजवायला येतं, आधी ओठांनी आणि लगेच दातांनी. त्याच्या दृष्टीने ही परतफेड आहे. इथे दोन कामं करायची: त्याचं तोंड पोहोचणार नाही असं बाजूला सरकायचं, आणि ते निघून जायच्या आधी आपला हात काढून घ्यायचा. आधी तुम्ही थांबायचं. असं केलं की पुढच्या वेळी ते स्वतःहून जवळ येतं. खाजवून घ्यायचं काम अर्धवट राहिलेलं असतं ना!

इथून हात वाढवत न्यायचा. खांद्यावरून मानेवर, पाठीवर, पोटाखाली, मांडीवर, आणि दर वेळी आवडीच्या जागी परत. ते आखडलं तर हात तिथेच सैल ठेवा, दाबू नका, उचलूही नका. श्वास सुटला, कान वळला, जबडा हलला की हात काढा. सगळी विद्या या एका क्षणात आहे आणि ती वाचून येत नाही, पण कशाकडे बघायचं ते माहीत असलं की लवकर येते. पाच-दहा मिनिटं पुरतात. झोपलेल्या शिंगराला या कामासाठी उठवायचं नाही. पहिल्या आठवड्यात ते दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ झोपतं आणि ती झोप त्याच्या वाढीला हवी असते.

धरण्याची वेळ लवकर येते, कारण ताप बघायचा असतो, नाळ बुडवायची असते. एक हात छातीपुढून, दुसरा पुठ्ठ्यांमागून, म्हणजे मागच्या मांड्यांमागून, आणि शिंगरू भिंतीला समांतर. हातांनी आवळायचं नाही. ते उभं असेपर्यंत हात अंगाला जेमतेम टेकलेले असावेत. पुढे गेलं तर पुढचा हात अडवतो, मागे आलं तर मागचा. म्हणजे बंधन त्याच्या हालचालीतून येतं आणि स्थिर राहिलं की आपोआप जातं. ते दोन क्षण स्थिर राहिलं की पुढचा हात उघडा. पोटाखाली हात घालून उचलू नका, कान धरू नका, शेपूट पिरगळू नका. सुटलं तर सुटू द्या. मागे धावलात तर एका मिनिटात पकडापकडीचा खेळ शिकवलात, आणि त्या खेळात शिंगरू कधी हरत नाही.

दुसऱ्या आठवड्याच्या आसपास बऱ्याच शिंगरांना पातळ संडास होते, घोडी पुन्हा माजावर येते त्याच सुमाराला. शिंगरू तरतरीत असेल आणि पीत असेल तर फारसं काळजीचं नसतं, पण मागचा भाग रोज धुवावा लागतो, नाहीतर केस झडून कातडी सोलते. मांडीला आणि शेपटीखाली हात लावू देणारं शिंगरू तेव्हा किती सोपं पडतं, हे त्याच आठवड्यात समजतं. मलूल झालं, पिणं सोडलं तर मात्र वाट बघू नका. ओळखायची खूण शिंगराआधी घोडीवर दिसते: कास तट्ट फुगलेली आणि दूध टपकतंय. शिंगराच्या कपाळावर दूध वाळलेलं असेल तर ते कासेखाली उभं राहतंय, पण लुचत नाहीये.

आता ते चावरं शिंगरू. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून त्याला हात कमी लागला असं वाटत नाही. चुकीच्या जागी लागला. तोंडाजवळ बोटं खेळवली, तळहातावरून खाऊ दिला, छातीवर ढकललं की ते उलट ढकलतं याची गंमत वाटली, पहिल्यांदा दोन पायांवर उभं राहिलं तेव्हा कुणीतरी फोटो काढला. शिंगरं आपसात खेळतात तेव्हा हेच करतात: मानेला चावा, गुडघ्याला चावा, मग दोन पायांवर. त्याने माणसाला बरोबरीचं शिंगरू मानलंय. फरक वजनाचा. मोठ्या जातीचं शिंगरू जन्मतं 45-50 किलोचं, महिन्याभरात दुप्पट होतं आणि दोन महिन्यांत सव्वाशे किलोच्या घरात जातं. पहिल्या आठवड्यात गोड वाटलेली खोड तेव्हा हाड मोडते.

यावर तोंडावर चापट हा उपाय नाही. नर शिंगरू तर तो डाव समजून आणखी जोरात खेळतं, आणि बुजरं असेल तर डोक्याला हात लावू देणं बंद करतं. तोंडाजवळचा सगळा खेळ आणि हातावरचा खाऊ बंद करा. ते दात घेऊन आलं की तुम्ही मागे सरायचं नाही; त्याच्या खांद्याकडे ठाम पाऊल टाकून त्याला दोन पावलं बाजूला सारायचं, आणि ते स्थिर उभं राहिलं की आवडीच्या जागी खाजवायचं. घरातल्या सगळ्यांनी हेच करायचं, नाहीतर उपयोग शून्य. आणि त्याला बरोबरीची शिंगरं किंवा एखादी वयस्क, कडक घोडी मिळेल असं बघा. ती एका दिवसात जे शिकवते ते आपल्याला महिनाभर जमत नाही. मोठ्या घोड्यासमोर शिंगरू मान लांबवून, तोंड उघडून जबडा टकटक हलवतं, ते मात्र चावणं नव्हे. ‘मी लहान आहे’ असं सांगायची ती त्याची रीत आहे, त्यासाठी रागावू नका. अनाथ शिंगरांत अंगावर येण्याची खोड सर्वांत जास्त दिसते. म्हणून त्यांना बाटलीऐवजी शक्य तितक्या लवकर बादलीतून प्यायला शिकवायचं, आणि सोबतीला घोडाच द्यायचा.

म्होरकी मी साधारण दोन-तीन आठवड्यांनी घालते, गालाला, कानामागे, नाकाच्या हाडावर हात लावू द्यायला लागल्यावर. घालायची, खाजवायचं, काढायची. अंगावर ठेवून सोडायचं नाही. शिंगरू मागच्या पायाने कान खाजवतं, खूर पट्ट्यात अडकतो आणि मान मोडते. शिवाय डोकं इतक्या झपाट्याने वाढतं की ढिला पट्टा काही आठवड्यांतच रुतायला लागतो.

चालवायला शिकवताना म्होरकीचा दोर पुढून ओढू नका. डोक्यावर ओढ आली की शिंगरू मागे ताणतं, मग उभं राहतं, मग पाठीवर पडतं. डोक्याचा मागचा भाग जमिनीवर आपटून मेलेली शिंगरं मी पाहिली आहेत, आणि प्रत्येक वेळी दोर धरणारा माणूस अनुभवी होता. त्याऐवजी एक मऊ, जाड दोर पुठ्ठ्यांमागून घ्या आणि त्याची दोन्ही टोकं पाठीवर एका हातात धरा. म्होरकीचा दोर दुसऱ्या हातात, सैल. एकाने घोडी पुढे चालवायची. शिंगरू तसंही तिच्या मागे जाणारच, तुम्ही फक्त बरोबर चाला. ते थांबलं की मागच्या दोराला हलकी, सतत ओढ द्या, आणि पहिलं पाऊल पडताच सोडा. एक पाऊल पुरे. चार-सहा दिवसांत ते दोराच्या स्पर्शाला निघायला लागतं. मग घोडीच्या बाजूने, मग तिच्या पुढे, मग तिला दिसेल इतक्या अंतरावर वळून परत, या क्रमाने वाढवा. खुंट्याला बांधणं मात्र कित्येक महिने नाही. मानेचे मणके अजून कच्चे असतात, आणि एकदा जिवाच्या आकांताने मागे ताणलेलं शिंगरू पुढे आयुष्यभर बांधल्यावर ताणतं.

पायांचं थोडक्यात सांगते. जन्मताना खुरांखाली पिवळट मऊ झालर असते. ती व्यंग नाही, घोडीच्या पोटात खूर लागू नये म्हणून असते, दिवसभरात झिजते. पाय उचलायचा तो अगदी जमिनीलगत, अंगाखालीच, बाहेर न ताणता. दोन सेकंद धरा आणि ते हिसका द्यायच्या आत तुम्ही खाली ठेवा. नालबंदाला महिना-दीड महिन्याच्या आत एकदा दाखवाच, नाल ठोकायला नव्हे, पाय सरळ पडतात का ते बघायला. खुराच्या वरच्या सांध्याजवळच्या हाडाची वाढ पहिल्या तीन महिन्यांतच बरीचशी उरकते. तिथला वाकडेपणा सरळ करायचा तर त्याच काळात, नंतर हात चोळत बसावं लागतं. पायाला हात लावू न देणारं शिंगरू नालबंदासमोर उभं केलं तर तोही घाईत दिसेल तेवढंच बघतो.

तुमच्या हातात दीड महिना आहे, तर शिंगराची वाट बघत बसू नका. घोडीची लस विण्याआधी चार ते सहा आठवडे द्यायची असते, म्हणजे तिची प्रतिकारद्रव्यं चिकात उतरतात. ती आत्ताच विचारून घ्या. जिथे विणार त्या जागी तिला किमान महिनाभर आधी हलवा, तिथल्या जंतूंची ओळख तिच्या रक्ताला व्हायला हवी. आणि आजपासून रोज खराऱ्याच्या शेवटी तिच्या कासेला हात लावा, कोमट ओल्या फडक्याने पुसा, पोटाच्या बाजूने शिंगरू ढुशा देईल तशा हाताने हलक्या ढुशा द्या. सड दाबून चीक काढायचा नाही, तो शिंगराचा आहे. पहिलारू घोडी कासेला गुदगुल्या होतात म्हणून शिंगराला लाथाडते, आणि अशा वेळी रात्री तिला धरून शिंगरू लावायला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस कोण, ते ठरवून ठेवा. पशुवैद्य मध्यरात्री फोन उचलतात का, तेही आधीच विचारा. घोड्या बहुतेक रात्रीच वितात.